टॅबवर जुळवलेलं लग्न

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

अखेर टॅबलेट घेतला.

पणजीच्या दुकानातून बाहेर पडले तेव्हा खोकं पिशवीत घालायचंही सुचलं नाही. तसंच छातीशी धरून बसस्टँडवर आले. कदंबच्या बसमध्ये खिडकीकडची जागा मिळाली आणि मला धीर धरवेना. एका बारशाचं शूटिंग मेमरी कार्डात घालून मुद्दाम बरोबर नेलं होतं. बस सुटली तशी कामाला लागले. नको तो भाग पेनाने एका रेघेत कापायचा, हवा तो बोटाने उचलून पुढे ठेवायचा. म्हापसा येईपर्यंत पाळणा सजला, अस्नोड्याला बाळाचं नाव ठेवून झालं आणि डिचोलीत उतरले तेव्हा पाहुणे जेवायला बसले होते. शेजारची बाई सगळा वेळ माझ्या मांडीवर वाकून बघत होती. उतरताना म्हणाली, "बाळ गोड असा हां." जणू माझंच.

हे सगळं घरी कधी सांगते असं झालं होतं. कृष्णनाथ, म्हणजे आमचे हे, शूटिंग करतात आणि शेवटी रंग नि आवाज लावतात. तुकडे निवडून जोडायचं काम माझं. आजवर दोघांत एकच लॅपटॉप. तो आता इतका म्हातारा झालाय की बिजागरीला चिकटपट्टी लावलीय, आणि त्याचा पंखा फिरायला लागला की शेजारचा शिंपी विचारतो, गिरण सुरू केली काय म्हणून.

ह्यांनी टॅब हातात घेतला. लांब धरला, जवळ धरला, परत लांब धरला.

"एवढ्याशा काचेत माका काय दिसतला?"

"आधी नीट बघा तरी."

"ता जनेल बंद कर आधी. उजेड पडता."

खिडकी लावून घेतली. तरी तोंड वाकडंच. लॅपटॉपवाल्या माणसाचा अभिमान, दुसरं काय.

शेवटी ठरलं ते असं: डिसेंबरची लग्नं दोन्हींवर करून बघायची. धनुर्मासात लग्नं नसतात, तेव्हा निवांत बसून ठरवायचं, नवा लॅपटॉप घ्यायचा की लॅपटॉपला कायमची सुट्टी.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

खुर्चीत बसून काम करायचं असतं हे मी विसरायला लागलेय. आज सकाळी पाववाल्या पोदेराची वाट बघत पायरीवर बसून एक मुंज अर्धी जोडली. भात शिजेपर्यंत उरलेली अर्धी. मान दुखत नाही, पाठ दुखत नाही.

पण खोटं कशाला लिहू, सगळं गोड नाही. अंगणात उन्हात धरला तर तापतो आणि आपणहून बंद पडतो. एका वेळी एकच वायर लागते, म्हणजे चार्ज तरी करा नाहीतर हार्डडिस्क तरी जोडा. आणि मराठी अक्षरं! मुंजीतल्या मुलाचं नाव प्रद्युम्न. मी लिहिलं प्रद्युम्न, फिल्मवर आलं सगळं मोडकं-तोडकं, जणू कोणी नावावरून ट्रक नेला. शेवटी पेनाने हातानेच लिहिलं. ते मात्र छापील अक्षरापेक्षा देखणं दिसलं.

ह्या तीन गोष्टी कंपनीने सुधारल्या तर लॅपटॉपची गरज उरणार नाही, असं मी जेवताना म्हणाले. ह्यांनी मोबाइलचा आवाज वाढवला. हल्ली पेपरसुद्धा वाचत नाहीत, मोबाइलवर बातम्या ऐकतात. माणूस आळशी होत चाललाय.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज वाईट वाटलं.

गेल्या आठवड्यात मयेतल्या साखरपुड्याची फिल्म दिली होती. मी टॅबवर जोडलेली, ह्यांनी लॅपटॉपवर रंग लावलेला. आज मुलीच्या आईचा फोन. "रोहिणीबाय, रागावू नकोस, पण चेडू थंडीन काकडल्यासारखा दिसता. तोंड निळा, हात निळे."

मी टॅबवर लावून बघितली. खरंच निळसर. ह्यांना दाखवली तर म्हणाले, "माका बरोबर दिसता. तुझो टॅबच रंग खोटे दाखयता."

हे वाचलंय मी. प्रत्येक स्क्रीनचा रंग वेगळा असतो आणि तो मोजून जुळवून घ्यावा लागतो. म्हणजे चौथी सुधारणा: टॅबचा रंग लॅपटॉपशी जुळला पाहिजे. त्या बाईंच्या फोनचा स्क्रीनही तसाच असणार. पण मग स्टुडिओतल्या टीव्हीवरही थोडी निळीच का दिसली, हे काही मला उमगलं नाही. टीव्ही जुना आहे म्हणा.

ह्यांना विचारलं की परत रंग लावूया का. इतके चिडले की मी विषय सोडून दिला. ह्या कामात सगळे ह्यांना उस्ताद म्हणतात. त्या जागेवर मी टॅब घेऊन आले, ते त्यांना टोचतंय, दिसतंय मला.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

आज काय झालंय ते लिहायला हात शिवशिवतोय.

पेडण्याहून बाबुराव आले होते, त्यांची मुलगी दीपा बरोबर. तिचं लग्न पंधरा डिसेंबरला धारगळच्या हॉलमध्ये. दुपारी मुहूर्त, संध्याकाळी तिथेच रिसेप्शन. बाबुरावांनी कुठल्यातरी लग्नात बघितलं होतं म्हणे. दुपारचं लग्न संध्याकाळी मोठ्या पडद्यावर!

"बाय, दुपारचा लगीन सांजेक बघूक गावतला काय? नवऱ्याचो मोठो काका मुहूर्ताक पावणा नाय. त्याचा विमान मोपाक उतरतला तेव्हा अक्षता पडून गेलेल्यो असतल्यो. त्येका बघूक होया."

ह्यांनी लगेच मान हलवली. "जमाचा नाय. रंग लावूकच माका दोन दिस लागतत."

सागर कोपऱ्यात कॅमेरा पुसत होता. हा आमचा दुसरा कॅमेरामन, दोडामार्गचा. तुयेच्या कारखान्यात पॅकिंगला होता, तिथून आमच्याकडे आला. तो हळूच म्हणाला, "वहिनी, टॅबार जमतला. आमी कार्डां आणून देत रवतलों, तुमी कापत रवा."

दीपा माझ्याकडे बघत होती फक्त. मी म्हणून टाकलं, "करूया."

बाबुराव गेल्यावर ह्यांनी विचारलं, "माका इचारलंस?"

"तुम्ही नाही म्हटलं असतं."

"होय. म्हणूनच इचारूक होया होता."

हे खरं होतं. पण मला आनंद इतका झालाय की वाईट वाटायला जागाच नाही.

६ डिसेंबर, शुक्रवार

सराव केला. काल एका लहानशा लग्नात सागरने कार्डं आणली, मी तिथेच जोडली, संध्याकाळपर्यंत फिल्म तयार. नवऱ्याकडच्यांना बोलावून टॅबवरच दाखवली. म्हातारी आजी काचेवर बोट ठेवून म्हणाली, ही मी. तिच्या बोटाने फिल्म थांबली, परत लावली, परत तिने बोट ठेवलं. सगळे हसले.

ह्यांनी रंग लावला नव्हता. म्हणाले, कॅमेऱ्याचाच रंग ठेव. येताना व्हॅन सागरनेच चालवली. अंधार पडायला लागला की हे हल्ली किल्ली त्याच्याकडे देतात. म्हणतात, समोरच्या गाड्या लायटी लय मारतत. मोपाचा विमानतळ झाल्यापासून त्या रस्त्यावर गाड्या वाढल्यात हे खरंच.

टॅबच्या काचेला चकाकी कमी करायची पट्टी लावून घेतली. ह्यांना आवडेल म्हणून. हातात दिला तर म्हणाले, आता तर धुक्यातच बघितल्यासारखा. ह्यांच्यासाठी काय केलं म्हणजे बरं वाटेल, कळत नाही.

१५ डिसेंबर, रविवार

कमरेचे तुकडे झालेत पण झोप येणार नाही, म्हणून लिहिते.

हॉलच्या मागे एक खोली मिळाली. एका मेजावर लॅपटॉप, शेजारी माझा टॅब. मुहूर्त झाला तशी सागर कार्डं आणायला लागला. मंगलाष्टकं, अक्षता, बाबुरावांचे डोळे पुसणं, दीपाच्या मावशीचं नथ सावरणं. पेन नुसतं पळत होतं. बाहेर लोक जेवत होते, सागरने माझ्यासाठी पुरीत भाजी गुंडाळून आणली ती डाव्या हाताने खाल्ली आणि उजवा हात थांबला नाही. आयुष्यात इतकं भराभर काम मी केलेलं नाही, आणि ते चुकलंही नाही. मला माहीत होतं ते चुकत नाहीये.

चारच्या सुमाराला मी जोडलेली फिल्म ह्यांना दिली, रंगासाठी. लॅपटॉप दोनदा बंद पडला, परत सुरू केला. ह्यांनी दिवा बंद करायला लावला, दार लोटून घ्यायला लावलं, स्क्रीनच्या अगदी जवळ बसले. तेवढ्यात दीपा आत आली, रिसेप्शनची साडी नेसून. तिला बघायचं होतं, फक्त थोडं.

ह्यांनी मान वर केली. "ये गो. हिरव्या साडयेत बरी दिसतंस."

दीपा हसली. तिला वाटलं ते थट्टा करतायत. तिची साडी चिंतामणी रंगाची होती. निळी. नुसती निळीशार.

मी ह्यांच्याकडे बघितलं. ते थट्टा करत नव्हते.

ती गेली. ह्यांनी काम पुरं केलं आणि फाइल माझ्याकडे दिली. टॅबवर लावली. निळी. बाबुराव निळे, अक्षता निळ्या, होमाचा जाळ जांभळा. दाराच्या फटीतून बघितलं, बाहेर तीच माणसं, पिवळ्या दिव्यात, हसत उभी. टॅब खोटं दाखवत नव्हता. टॅब कधीच खोटं दाखवत नव्हता.

ह्यांना काही म्हटलं नाही. पडद्याची वायर जोडायला मीच गेले आणि रंग न लावलेली, माझी फिल्म लावली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोपाहून आलेला काका उभा राहून रडला. कोणीतरी परत लावा म्हणून ओरडलं आणि परत लावावी लागली. बाबुरावांनी ह्यांचा हात धरून म्हटलं, "उस्ताद, काय रंग आणलास!" हे खुश झाले. मला म्हणाले, "बघितलंस? पडद्यार कसा खरा दिसता ता."

मी हो म्हटलं.

१६ डिसेंबर, सोमवार

सकाळी चहा झाल्यावर दोन्ही फिल्म लावल्या. टॅबवर एक, लॅपटॉपवर एक. शेजारी शेजारी. त्यांची आणि माझी.

"फरक सांगा."

ते बराच वेळ बघत राहिले. "दोनूय सारखीच."

मग माझा चेहरा बघितला असावा. किंवा नुसता माझा गप्पपणा ऐकला असावा. म्हणाले, "काल खयची लावलंस?"

"माझी."

लॅपटॉपचा पंखा घरघरत होता. त्यांनी तो बंद केला. मग मला जे बोलले ते असं, जसं आठवतंय तसं लिहिते.

"पावसापासून असाच असा. आधी वाटला चष्म्याचो नंबर. मग दिव्याभोवती वाटोळी कडी दिसूक लागली. पेपर वाचूक होयना. तू टॅब हाडलंस, सगळा काम तुझ्या मांडयेर जाऊक लागला. माझ्याकडे रंग तेवढो उरलेलो. तो पण दिसना म्हणून खंयच्या तोंडान सांगू?"

मी एक महिना टॅबात काय सुधारायला हवं त्याचा विचार करत होते.

उद्या म्हापशाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे. सागर नेतोय.

१७ डिसेंबर, मंगळवार

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. मोतीबिंदू! मी दवाखान्यात जवळजवळ हसलेच. रात्रभर काय काय मनात आणलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दम्याच्या गोळ्या किती वर्षं घेताय? डिचोलीत खाणीची धूळ खाऊन वाढलेला माणूस, लहानपणापासून घेतोय. त्या म्हणाल्या, काहींना त्यामुळे लवकर येतो, घाबरण्यासारखं काही नाही. डोळ्यातलं भिंग पिवळं पडलंय, म्हणून सगळं पिवळ्या काचेतून बघितल्यासारखं. निळा रंग अर्धा गाळूनच आत येतो.

"म्हणजे हे पिवळं बघतात आणि पिवळं घालवायला निळं ओततात," मी म्हणाले.

बाई म्हणाल्या, "अगदी तसंच."

ह्यांनी एवढंच विचारलं, "परत काम करूक गावतला?"

"आधीपेक्षा चांगलं."

परतीच्या वाटेवर सागर काहीतरी गुणगुणत होता आणि ह्यांनी त्याला बेसूर म्हणून गप्प केलं. खूप दिवसांनी ह्यांच्या आवाजात तो जुना दरारा होता.

२५ डिसेंबर, बुधवार

काल उजव्या डोळ्याचं ऑपरेशन, आज पट्टी काढली.

दवाखान्याबाहेर आल्यावर हे थांबलेच. रस्त्याच्या पलीकडे एका बांधकामावर ताडपत्री होती. साधी, फाटकी, निळी ताडपत्री. उजवा डोळा झाकून बघितली, मग डावा झाकून. परत उजवा, परत डावा. वर चढलेले कोल्हापूरकडचे कामगार काम थांबवून ह्यांच्याकडे बघायला लागले. एकाने विचारलं, "काय झालं साहेब?"

हे म्हणाले, "काय नाय रे. चलू दे."

गाडीत बसल्यावर मला विचारलं, "ती मयेची फिल्म. खूप निळी होती?"

"खूप."

"आणि तिच्या आवशीन पैसे दिले?"

"दिले."

कपाळाला हात लावला. मग दोघं हसायला लागलो ते थांबेचना. सागरने गाडी बाजूला घेतली.

८ जानेवारी, बुधवार

दुसराही डोळा झाला. मधल्या दिवसांत मयेची फिल्म ह्यांनी परत रंगवून, स्वतः नेऊन दिली. पाच दिवस वाकू नका, धूळ नको, स्क्रीन थोडाच वेळ, असं डॉक्टरीणबाईंनी ह्याही वेळी बजावलंय. स्क्रीन थोडाच वेळ हे ह्यांनी ऐकलं नाही असं दिसतंय. टॅब सारखा त्यांच्याकडे. मी खोलीत गेले की काच पालथी घालतात. नक्की क्रिकेट बघतात.

१७ जानेवारी, शुक्रवार

संक्रांत झाली, लग्नं परत सुरू. आज बसून ठरवायचं होतं ते ठरवलं, आणि सगळं उलटंच झालं.

हे म्हणाले, लॅपटॉप नको, दोन टॅब. रंग टॅबवरच खरा कळतो, मी मोजून बघितला. मी म्हणाले, लॅपटॉप हवाच. दोनशे लग्नं साठवायची कुठे? जुनी फाइल शोधायची तर टॅबात नुसता चिखल होतो. ते म्हणाले, तूच म्हणत होतीस गरज नाही. मी म्हणाले, तेव्हा मला माहीत नव्हतं. तुम्ही म्हणत होता एवढ्याशा काचेत काय दिसणार. ते म्हणाले, तेव्हा मला दिसत नव्हतं.

शेवटी: दुसरा टॅब घ्यायचा, बाहेरच्या कामाला. दोन्हींना जोडता येईल असा एक मोठा स्क्रीन स्टुडिओत, आणि साठवण्यापुरता साधा लॅपटॉप. कंपनीने दुसरी वायर जोडायला भोक दिलं आणि मराठी अक्षरं नीट केली तर पुढच्या वर्षी लॅपटॉपही जाईल, असं हे म्हणतात. मी म्हणते बघूया.

दीपाच्या लग्नावरून चार ठिकाणचे फोन आलेत. सगळ्यांना संध्याकाळची फिल्म हवी. चौघांनाही हो म्हटलंय. ह्या वेळी आधी ह्यांना विचारून.

१९ जानेवारी, रविवार

दुपारी हे झोपले होते. उद्याच्या लग्नासाठी टॅबात जागा करायची म्हणून उघडला, तर एक फिल्म सापडली. नाव नुसतं 'र'.

मला वाटलं कोणाच्या तरी लग्नाचा टाकाऊ भाग. टाकाऊच होता. आम्ही कापून फेकतो ते सगळे तुकडे, कुठल्या कुठल्या लग्नांचे, किती वर्षांचे. पण प्रत्येकात कोपऱ्यात कुठेतरी मी. पदर खोचून केबल ओढत धावणारी मी. सागरवर डाफरणारी मी. कोणाच्यातरी मुलाला कडेवर घेऊन लाइट धरणारी मी. मांडवामागे बॅन्ड वाजतोय आणि कोणी बघत नाही असं वाटून दोन पावलं नाचणारी मी. ते कुणी टिपलं मला आठवतही नाही. धारगळच्या खोलीत डाव्या हाताने पुरी खाणारी, उजव्या हाताने पेन चालवणारी मी, दारातून काढलेली. त्यावर लावलेला रंग इतका नेमका की माझ्या बोटाला लागलेलं भाजीचं तेलसुद्धा दिसतंय.

म्हणजे हे क्रिकेट बघत नव्हते.

रंग उस्तादाचा, पण जोडणी ह्यांनी कधी केलेली नाही, ते लगेच कळतं. तीन ठिकाणी तुकडा लांबलाय, एका ठिकाणी मी नाच थांबवून निघून गेल्यावरही मांडवाची रिकामी जागा दिसत राहते. माझ्या हातात पेन होतं. एका रेघेचं काम.

मी कुठेही हात लावला नाही.